काकडीला दंड

तांबडं फुटायच्या आधीच येसक्का शेतात उभी राहून सुनेच्या नावानं शंख करत होती.

"अगं शमिका, बोटाएवढी तोड म्हनलं म्या, अंगठ्याएवढी न्हवं! तिकडं अमेरिकेत बरणीत घालत्यात ती, उशाला घेत न्हाईत!"

"अत्ती, ह्या अंधारात बोट कुठलं नि अंगठा कुठला, कसं कळावं?"

"नांदायला आलीस तवा अंधारातच आलीस, तरी माझ्या पोराचं घर बरं गावलं तुला!"

शमिका तोंड दाबून हसली आणि पुढच्या वेलाकडं वळली. काकडी म्हणजे नेहमीची, कोशिंबिरीची नव्हे. ही मिडी. बोटाएवढी, अंगावर बारीक काटे. कंपनीनं बी द्यायचं, कंपनीनंच माल उचलायचा, आंबवून बरण्यांत भरायचा आणि जहाजातनं परदेशी धाडायचा. गावात ती कोणी खात नव्हतं. शिवाय मोठी हट्टी. सकाळी बोटाएवढी दिसली म्हणून सोडावी, तर संध्याकाळी मुठीएवढी आणि दुसऱ्या दिवशी मनगटाएवढी. एकदा फुगली की कंपनी तिच्याकडं ढुंकून बघत नाही. म्हणून दोन्ही वेळा तोडणी, सणवार असो का सुतक.

गाव म्हणायचं ते सवयीनं. बंगळूरचं येलहंका वाढत वाढत कधीच अंगावर आलं होतं. येसक्काच्या सासरची माणसं शहाजीराजांच्या मागनं घोड्यावर बसून इकडं आली म्हणत, आणि ती उतरली त्या जागेवर आता उंचच उंच इमारती उभ्या होत्या. चारी बाजूंनी प्लॉटांचे लेआउट पडले होते. मधे येसक्काचं शेत तेवढं, पंगतीत हट्ट धरून बसलेल्या म्हातारीसारखं, उठायला तयार नाही.

उठवायचा घाट तिच्याच पोटच्या पोरानं घातला होता. सयाजी पाडव्यापासून मागं लागला होता. "अव्वा, रान प्लॉटवाल्याला देऊ. तुझ्या काकडीत राबून काय मिळतंय?"

शेवटी एक दिवस येसक्कानं त्याला देव्हाऱ्यापुढं उभा केला. "अंबाबाईच्या समोर सांगते. ह्या हंगामात माझी काकडी शेतात कुजली, तर गणपती उठल्यावर तू म्हनशील तितं सही करीन. न्हाई कुजली, तर म्या जित्ती हाय तवर प्लॉट ह्यो शबूद तुज्या तोंडातनं निघायचा न्हाई. बोल!"

सयाजीनं हात जोडले. त्याला वाटलं, आई दमेल. ती काही दमली नाही. काकडीही अशी लागली की वेल दोऱ्यांवरनं खाली लोंबले.

आणि त्या दिवशी, ऐन भरात, बसवंताचा टेम्पो आला तो रिकामाच. माल भरायचे क्रेटसुद्धा आणले नव्हते. बसवंत कंपनीचा माणूस, शेतांवर फिरणारा, मराठीत कानडी मिसळायचा, पण मन साफ. तो टेम्पोतनं उतरला आणि उगाच चाकाला लाथ मारून हवा बघू लागला. येसक्कानं ओळखलं, गडी काहीतरी गिळून बसलाय.

"क्रेट कुठायत रं?"

"अक्का, स्वल्प ऐका. कंपनीनं माल घेणं बंद केलंय."

"कशापायी? माझी काकडी वाकडी निघाली?"

"नाही अक्का, काकडी सोन्यासारखी. अमेरिकेनं आपल्या मालावर जकात बसवली. शंभराच्या मालावर पन्नास. तिथं कोण घेणार आता? जहाज पोचेपर्यंत ती लागू होते."

"माझ्या काकडीनं अमेरिकेचं काय घोडं मारलं?"

"काकडीनं नाही. तेलानं."

"कंच्या तेलानं?"

बसवंतानं कपाळ पुसलं. "तिकडं लांब दोन देशांची लढाई चाललीय. त्यातला एक देश तेल विकतो. जमिनीतलं, गाडीचं. स्वस्त मिळतं म्हणून आपले लोक घेतात. अमेरिका म्हणते, तुम्ही तेल घेता, त्या पैशावर लढाई चालते. म्हणून दंड."

येसक्कानं कमरेवरचा हात काढला नाही. "त्ये तेल म्या घेतलं?"

"नाही अक्का."

"तू काकडी तेलात तळून धाडतोस?"

"नाही हो, व्हिनेगरात."

"मग तेलाचा नि काकडीचा सोयरसंबंध कुनी जुळवला? ज्यानं तेल भरलं त्येच्या गाडीची हवा सोडा की! माझ्या वेलाचं मानगूट का धरता? आन त्यो अमेरिकावाला..."

एवढ्यात विमानतळावरनं लढाऊ विमान सुटलं. हवाई दलाचा तळ जवळच. विमान डोक्यावरनं गेलं की सगळं आभाळ फाटल्यासारखं होतं, बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. इथल्या माणसांना त्याची सवय. विमान जाईपर्यंत तोंड तसंच उघडं ठेवायचं आणि मग वाक्य सोडलं तिथनं उचलायचं. येसक्कानंही तसंच केलं.

"...त्यो काय माझा दीर लागतो, माझ्या रानात लुडबूड करायला?"

"मी काय करू अक्का? माझीच नोकरी लटकलीय." बसवंत खरंच रडवेला झाला होता. येसक्कानं त्याला ताक पाजलं, वर दोन शिव्या दिल्या आणि वाटेला लावलं.

सयाजी बांधावर मोबाईल घेऊन बसला होता. त्याचा चेहरा दुःखी होता, पण आतनं गुदगुल्या होत असाव्यात असा.

"सरकार म्हनतंय अव्वा, माल धाडनाऱ्यांनी दुसरे देश बघावेत. आन देशातल्या देशात खप वाढवावा."

"दुसरे देश? त्यातला एक तरी येलहंक्याच्या बसच्या वाटंवर हाय का?"

"न्हाई."

"मग त्यो मोबाईल ठेव खाली आन तोडायला लाग."

"तोडून करायचं काय? अव्वा, गणपती उठले की मग आपलं ठरल्यापरमानं..."

"आदी बसू तरी देत त्यास्नी!"

पण रात्री ती मंडईचा हिशेब करत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं सयाजीला दोन पोती देऊन मंडईत धाडलं. व्यापाऱ्यानं एक काकडी उचलली, काटा टोचला तशी खाली टाकली आणि म्हणाला, "ही काय औषधाला आहे का?" पोती परत आली. वेलांवरच्या काकड्या कुणाचं न ऐकता वाढत राहिल्या. बोटाच्या मुठी झाल्या, मुठीची मनगटं झाली. येसक्का सरीतनं फिरायची आणि एकेकीला दटावायची, "थांब की गं जरा, कशाची घाई झालीया तुला?" सयाजी रोज सकाळी शेताला एक चक्कर मारायचा, कुठं पिवळं पडलंय का बघायला. पोरगं आईच्या शेताला पाव्हण्यासारखं न्याहाळतंय, हे येसक्काला दिसत होतं. पण तोंड तिचं तसंच धारदार.

इकडं गौरी गणपतीच्या आदल्या दिवशीच येतात. त्या दिवशी पूजा आटपून येसक्का शेतात आली, तर भिंतीवरनं हाक आली.

"अहो मावशी!"

भिंतीपलीकडच्या इमारतीतली हेमलता. पुण्याकडची. नवरा सरकारी कारखान्यात विमानांचा इंजिनीअर. उन्हाळ्यात येसक्कानं शेणखत टाकलं, तेव्हा ह्याच इमारतीनं वास येतो म्हणून पालिकेच्या ऑफिसात तक्रार दिली होती. दोन साहेब नाकाला रुमाल लावून येऊन गेले होते. तेव्हापासून येसक्का त्या भिंतीकडं पाठ करूनच काम करायची. आता हेमलता खुर्चीवर चढून भिंतीवरनं मान काढून उभी होती.

"मावशी, तुमच्याकडे बैल आहे का हो?"

"का? आता बैलाचाबी वास येतुया?"

"नाही हो! परवा ऋषीपंचमी ना. त्या दिवशी आमच्यात बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. हातानं लावलेलं, हातानं खणलेलं, तेवढंच. ऋषीची भाजी करतात. आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर सगळ्याजणी शोधतायत. काकडी तर लागतेच. मॉलमधल्या मुलाला विचारलं, तर म्हणतो, मॅडम, ऑरगॅनिक आहे, बैलाचं आम्हाला काही सांगता येणार नाही."

येसक्काच्या घरात हे व्रत नव्हतं. तिला हे ऐकून आधी हसू आलं, मग हसू आत वळलं आणि डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तिनं वेलांकडं बघितलं. मनगटाएवढ्या, हिरव्यागार, कोवळ्या काकड्या. कंपनीला नको त्या. भाजीला मात्र नेमक्या.

"बैल न्हाई बाई आमच्यात. ट्रॅक्टर लावतो."

"ट्रॅक्टर चालतो! ऋषींनी ट्रॅक्टरबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही."

"आन शेनखत?"

हेमलताचा हात आपसूक नाकाशी गेला.

"न्हाई, म्हंजे शेन बैलाचंच हाय," येसक्का गोड आवाजात म्हणाली. "भावजींच्या गोठ्यातलं. ज्येच्या वासानं तुमी हापिसात कागद दिला, तेच."

"शेण... शेण म्हणजे काही कष्ट नव्हेत," हेमलता जपून म्हणाली.

"बैलाला इचारून सांगते."

हेमलताला हसू आवरेना. खुर्ची डुगडुगली, तशी तिनं भिंत धरली. "बरं मावशी, भाव काय लावाल?"

"दुसऱ्यास्नी एक भाव. तुमच्या इमारतीला दीडपट."

"का हो?"

"जकात हाय. तुमी माझ्या शेनावर तक्रार केली, म्हनून."

"अहो, पण ती तक्रार मी नाही केली! आमच्या सेक्रेटरींनी केली!"

येसक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सावकाश म्हणाली, "मग त्ये तेल काय म्या घेतलं व्हतं?"

हेमलताला तेलाचं काही कळलं नाही. तेव्हा येसक्कानं भिंतीखाली उभं राहून तिला सगळी लढाई, तेल, अमेरिका, जहाज आणि बसवंताची लटकलेली नोकरी सांगितली. सगळं ऐकून हेमलता म्हणाली, "मावशी, ही जकात उठवायला काय करावं लागेल?"

"कागद मागं घ्या. वर सेक्रेटरीच्या सहीनं लिवून द्या, की शेतात शेन टाकायचंच असतंय. तेवढं केलंसा की तुमालाबी सगळ्यांचा भाव."

"सरी," हेमलता म्हणाली. दुकानात आणि रिक्षात वापरून वापरून हा 'बरं'साठीचा कानडी शब्द तिच्याही तोंडी बसला होता. सेक्रेटरीला तिनं कसं पटवलं कोण जाणे. पण ज्याच्या बायकोला ऋषीची भाजी करायची आहे, त्या माणसात दम तो किती असणार?

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. अमेरिकेची जकातही नेमकी त्याच दिवशी लागू झाली, असं सयाजीनं मोबाईलमधे वाचून सांगितलं. आरतीनंतर, उन्हं कलल्यावर, येसक्काच्या फाटकात बायका जमल्या. हेमलतानं ग्रुपवर काय लिहिलं होतं देव जाणे, कोरमंगल्याहून आल्या, बनशंकरीहून आल्या, कुणी गाडीनं, कुणी रिक्षानं, हातात कापडी पिशव्या. नऊवारीतली एक, जीन्समधल्या चार. शमिका क्रेट भरभरून आणत होती आणि येसक्का तराजूपाशी अशी बसली होती, की जणू बंदरावरचा जकातदार. सयाजी लांब कठड्यावर बसून पिशव्या भरताना बघत होता. त्याचा चेहरा आता खरोखरच दुःखी होता.

आणि तेवढ्यात घुंगरं वाजली.

येसक्काचा धाकटा दीर खंडोजी. त्याच्याकडं राजा आणि परधान ही बैलजोडी होती, साऱ्या भागात उरलेली शेवटची. गेल्या काही वर्षांत त्या बैलांनी नांगर कमी आणि फोटो जास्त ओढले होते. कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, बैल लागले की खंडोजी शिंगांना रंग देऊन निघायचा. एवढ्या बायका एका जागी जमल्यात म्हटल्यावर त्याला घरात बसवेना. शिंगांना गोंडे, अंगावर झूल, असा तो थेट फाटकात येऊन उभा राहिला.

"बघा बाईसाब, जोडी बघा! ह्या रानातला पयला नांगर कुनाचा? माझ्या राजा-परधानाचा! पाडव्याला मुहूर्ताचं तास ह्येंनीच काढलंय. इचारा वैनीला!"

तराजूचं पारडं वर राहिलं ते राहिलं.

"बैल?" जीन्समधली एकजण म्हणाली. हेमलतानं येसक्काकडं बघितलं. पिशवी तिच्या हातातनं हळूच खाली आली.

येसक्काला आत्ता कुठं आठवलं. खरंच की. पाडव्याच्या दिवशी, रीत म्हणून, तिनंच खंडोजीला बोलावलं होतं. पूर्वेच्या बांधाला लागून नांगराचं एक तास, नारळ फोडून. बाकी सगळं रान ट्रॅक्टरनं झालं. बैल नाही म्हणताना तिला ते आठवलंसुद्धा नव्हतं. तासाला ती कष्टांत धरतच नव्हती, देवाच्या खात्यात धरत होती.

सयाजी कठड्यावरनं उठून उभा राहिला होता. एक शब्द चुकीचा गेला तर ह्या बायका जातील, काकडी कुजेल, आणि गणपती उठतील. "वरनं ट्रॅक्टर फिरला, ते तास पुसलं" असं म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? खंडोजीला एक डोळा मोठा करून दाखवला असता तरी तो गप बसला असता. पण समोर ते दोन बैल उभे होते, शांत, जिभेनं नाक चाटत.

"खरं हाय," येसक्का म्हणाली. "एक तास ह्येंनी काढलंय. पूर्वेच्या बांधाचं. माझ्या ध्यानातनं गेलं व्हतं."

बायकांत कुजबुज सुरू झाली. एका तासाचे कष्ट धरायचे का? मुहूर्ताचं होतं म्हणजे पूजाच ना? पण नांगर जमिनीत गेला होता ना? नऊवारीवालीनं साताऱ्याला सासूला फोन लावला. सासू "हॅलो" म्हणते न म्हणते तोच विमान सुटलं आणि सासूचा निवाडा आभाळात विरून गेला.

विमान गेलं, तशी येसक्का उठली. "शमिका, पूर्वेच्या सरीतली काकडी कंच्या क्रेटात हाय?"

"ह्या दोन क्रेटांत, अत्ती. आत्ताच तोडलीया."

"आन हिकडं."

येसक्कानं दोन्ही क्रेट स्वतः ओढत फाटकात नेले आणि बैलांच्या पुढ्यात ठेवले. "ज्येंनी तास काढलं, त्येंची ती सरी. खावा रं. तुमच्या कष्टाचं दुसऱ्या कुनी खायचं न्हाई म्हंत्यात, पर तुमी खाऊ नये असं काय कुनी म्हनलं न्हाई. आता बाकीच्या रानात बैलाचं पाऊल न्हाई. पटत असंल तर घ्या. न्हाई तर वाट मोकळी हाय, पन माझ्या तराजूवर खोटं जोखून न्यायचं न्हाई कुनी."

राजानं एक काकडी तोंडात घेतली. कराकर आवाज झाला. परधानानं क्रेटात तोंडच घातलं.

नऊवारीवालीनं फोन पिशवीत टाकला. मग हेमलतानं पिशवी परत उघडली. "मला दोन किलो," ती म्हणाली. "आणि मावशी, ह्या बैलांना नमस्कार केला तर चालेल का?"

"चालंल की. फोटोचं मातर भावजींशी बोला."

फाटकातली माती दिसेनाशी झाली. बायका वजन करून घेत होत्या आणि बैलांच्या पाया पडत होत्या. खंडोजीला कळेना की आपण वैनीचं नुकसान केलं की भलं केलं. तो आपला झूल सारखी करत छाती काढून उभा राहिला. गर्दी इतकी झाली, की शमिकानं ओरडून नवऱ्याला बोलावलं, आणि सयाजी, प्लॉटवाला सयाजी, तराजूशी बसून काकडी जोखू लागला.

निघताना हेमलता म्हणाली, "मावशी, आमच्या गौरी अजून यायच्यात. सोळा भाज्या लागतात. तेव्हाही येऊ ना?"

"आमच्या गौरी यिऊन गेल्या, तुमच्या आता येनार. देवीला एका सनात दोन खेपा पडत्यात, बिचारीला. या की. काकडी काय तुमच्यासाठी लहान व्हनार न्हाई."

त्या आल्या. गौरीला आल्या, नंतर कोशिंबिरीला आल्या, मग लोणच्याला आल्या. सयाजी रोज सकाळी सरीतनं फिरायचा, पण आता मोबाईलवर मागणी वाचत. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "अव्वा, त्या कोपऱ्यात भेंडी लावली तर खपंल. तेवढाच प्लॉ..." शब्द तोंडात तसाच ठेवून त्यानं घास गिळला. शमिका पाठ फिरवून हसली. येसक्कानं त्याच्या ताटात भाकरी वाढली, काही बोलली नाही. न बोलण्याची तिची ती वर्षातली पहिलीच वेळ.

गणपती उठले. शेतात एकही काकडी कुजली नव्हती.

त्यानंतर एका सकाळी बसवंताचा टेम्पो आला, क्रेटांनी भरलेला. "अक्का, गिऱ्हाईक मिळालं! दुसऱ्या देशात. भाव स्वल्प कमी, पण माल उचलतो."

"कंच्या देशात रं?"

बसवंत चाकाकडं बघायला लागला. "तोच अक्का. तेलवाला."

येसक्का त्याच्याकडं बघतच राहिली. "म्हंजे त्येंचं तेल आपुन घ्यायचं, आन आपली काकडी त्येंनी खायची?"

"हो."

"मग ह्ये आदी कुनाच्या टाळक्यात आलं न्हाई व्हय?" तिनं कपाळावर हात मारला, मग हसली. नव्या फुटीची मिडी वेलांना पुन्हा बोटाएवढी लागत होती. "सरी, ने. पन निम्मंच रान. निम्मी माझी भिंतीपलीकडं जाती, तिला म्या न्हाई म्हनायची न्हाई. आन पूर्वेच्या सरीला हात लावायचा न्हाई."

"का अक्का? तीच तर सगळ्यात चांगली दिसतेय."

"ती निर्यातीला न्हाई. ती राजा-परधानाची हाय."

बसवंत काहीतरी विचारणार होता, पण विमान सुटलं. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. विमान गेलं तोवर येसक्का सरीत पोचलीसुद्धा होती आणि तिचा आवाज सगळ्या रानात घुमत होता.

"अगं शमिका, बोटाएवढी! अंगठ्याएवढी न्हवं!"